विजेची रवी

स्वयंपाकघरातील उपकरणांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांच्या जन्मतारखा नोंदवितात आणि तेथेच थांबतात. ती यंत्रे पुढे कशी वापरली गेली, कोठे झिजली आणि कोठे अडून बसली, याची हकिगत कागदावर क्वचितच सापडते. ती यंत्राच्या पोटात असते. १९३० किंवा १९५० च्या सुमाराचा एखादा विजेचा मिक्सर उघडून पाहावा. काळवंडलेले कार्बन, मेणासारखे थिजलेले ग्रीस, एकाच बाजूने झिजलेला दात ही सारी त्या यंत्राची कागदपत्रेच होत. दुरुस्ती करणारा कारागीर ती वाचतो, आणि वाचता वाचता तो यंत्र घडविणाऱ्याच्या मनातील हिशेबापाशी जाऊन पोहोचतो.

मराठी घरात घुसळण्याचे काम रवीकडे, वाटण्याचे पाट्या-वरवंट्याकडे आणि कुटण्याचे खलबत्त्याकडे, अशी कामांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात रोजच्या ओल्या वाटणाला असे स्थान नव्हते. तेथे हात मोडून येत ते अंडी फेटताना, लोणी आणि साखर एकजीव करताना आणि पाव-केकचे पीठ मळताना. म्हणून तिकडे जे यंत्र जन्मले ते वस्तुतः रवीचे यंत्र होते. हा भेद दिसायला लहान आहे. परंतु पुढे भारतात या यंत्राची जी त्रेधा उडाली तिचे मूळ याच भेदात आहे.

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील टर्नर विल्यम्स याने १८७० साली एकमेकींत गुंतून उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन फेटण्यांच्या हातयंत्राचे पेटंट घेतले. रुफस ईस्टमन याने १८८५ साली विजेवर चालणाऱ्या मिक्सरचे पेटंट मिळविले. तथापि कल्पनेला पेटंट मिळाले म्हणून ती स्वयंपाकघरात पोहोचत नाही. हलकी, वेगवान आणि स्वस्त मोटर तेव्हा नव्हती. तिची वाट विसाव्या शतकापर्यंत पाहावी लागली. विस्कॉन्सिनमधील रसीन या गावी १९१० साली हॅमिल्टन बीच ही कंपनी उभी राहिली. तेथील चेस्टर बीच याने अशा वेगवान मोटरीवर घेतलेली मेहनत या इतिहासात महत्त्वाची आहे.

या मोटरीला ‘युनिव्हर्सल’ म्हणतात, आणि हे नाव तिला शोभते. त्या काळी काही गावांत एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह असे, तर काहींत क्षणोक्षणी दिशा पालटणारा एसी प्रवाह. एका गावात घेतलेले यंत्र दुसऱ्या गावी निकामी ठरले तर ग्राहकाने ते घ्यावे कशाला? युनिव्हर्सल मोटरीत बाहेरचे स्थिर वेटोळे आणि आतले फिरते वेटोळे, म्हणजे आर्मेचर, एकापुढे एक जोडलेली असतात. प्रवाहाने दिशा बदलली की दोन्हींतील चुंबकत्व एकाच वेळी पालटते, आणि फिरण्याची दिशा मात्र कायम राहते. आजच्या मिक्सरमध्येही बहुधा हीच मोटर असते.

परंतु या सोयीची किंमत मोजावी लागते. फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचविण्यासाठी त्याच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचे एक कडे बसविलेले असते. त्याला कॉम्युटेटर म्हणतात. त्यावर दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन तुकडे स्प्रिंगच्या दाबाने टेकलेले असतात. हे कार्बन घासत राहतात आणि झिजत राहतात. किंबहुना ते झिजावेत म्हणूनच ते कार्बनचे असतात, कारण ते झिजले नाहीत तर तांबे झिजेल. तेव्हा वर्षानुवर्षे फडताळात पडलेला मिक्सर सुरू होत नाही, म्हणून त्याची मोटर जळाली असे समजून तो भंगारात देणे हा घाईचा न्याय आहे. पुष्कळ वेळा दोष या दोन तुकड्यांचाच असतो, आणि ते बदलायला मोटर उघडावीही लागत नाही. जुन्या यंत्रांच्या दोन्ही कुशींवर खाच असलेली दोन टोपणे असतात. ती पेचकसाने फिरविली की कार्बन स्प्रिंगसह बाहेर येतात.

जाणता कारागीर मात्र टोपणाला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी करतो. प्रथम तो प्लग काढतो. मग वायर वाकवून पाहतो. जुन्या वायरीचे रबर वाळून तडकलेले असते, आणि सुतळीसारख्या विणीखाली उघडे तांबे लपलेले असते. अशी वायर तपासण्याच्या भानगडीत न पडता बदलावी हेच योग्य. त्यानंतर तो बीटरचा दांडा हाताने फिरवून बघतो. तो सहज फिरला तर दोष विजेच्या बाजूला शोधायचा. जड फिरला किंवा मुळीच फिरला नाही तर दोष ग्रीसमध्ये, बुशमध्ये किंवा दातांमध्ये. या एका चाचणीने निम्मे काम हलके होते. मग येतो तो सिरीजचा दिवा. यंत्राच्या वाटेत एक साधा बल्ब जोडून वीज सोडतात. बल्ब पेटलाच नाही तर वाट कोठे तरी तुटली आहे. तो पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर जागची हलली नाही, तर आत शॉर्ट आहे. मंद पेटला आणि मोटर संथ फिरू लागली, तर जीव शाबूत आहे. भारतातील कित्येक दुकानांत महागडी मापनयंत्रे नव्हती, तरी या एका दिव्यावर हजारो यंत्रांचे निदान झाले आहे.

कार्बन काढताना तो कोणत्या बाजूचा होता आणि कोणत्या अंगाने बसला होता हे लक्षात ठेवावे लागते. त्याचे टोक कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजून घडलेले असते. तो उलटा बसला की पुन्हा ठिणग्या सुरू. काळा पडलेला कॉम्युटेटर बारीक काचपेपराने पुसावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधील फटींत बसतात आणि नको तेथे विजेला वाट करून देतात. कार्बनखाली थोड्या निळसर ठिणग्या दिसणे हे वयाचे लक्षण आहे. कॉम्युटेटरभोवती आगीचे पुरते कडे दिसले तर आर्मेचरचे एखादे वेटोळे तुटले असे धरून चालावे, आणि तेथे काचपेपराचा उपाय संपतो.

मोटरीनंतर येतात दंतचक्रे, आणि दंतचक्रांचा इतिहास ओहायो राज्यातील ट्रॉय या गावापासून सांगावा लागतो. तेथील होबार्ट कंपनीचा अभियंता हर्बर्ट जॉन्स्टन याने १९०८ साली एका बेकऱ्याला लोखंडी पळीने पीठ ढवळताना पाहिले आणि हे काम यंत्राने करण्याचा विचार त्याच्या मनात आला, असे त्या यंत्राच्या इतिहासात सांगतात. १९१४ साली सुमारे ७५ लिटर पीठ मळणारे यंत्र तयार झाले, आणि ते अमेरिकन नौदलाच्या जहाजांवरील भटारखान्यांत पोहोचले. घरगुती आकाराचे यंत्र ‘किचनएड’ या नावाने १९१९ साली निघाले. घरगुती म्हणायचे इतकेच! त्याचे वजन सुमारे ३० किलो आणि किंमत १८९ डॉलर ५० सेंट होती. ते दुकानांत फारसे खपेना, म्हणून विक्रेत्या स्त्रिया ते घेऊन घरोघर फिरत. ३० किलोंचे यंत्र घेऊन दारोदार जाणाऱ्या त्या स्त्रियांच्या श्रमांचा उल्लेख जाहिरातींत आढळत नाही.

या यंत्राची खरी करामत म्हणजे त्याची ग्रहगती. बीटर स्वतःभोवती एका दिशेने फिरतो आणि त्याच वेळी भांड्यात उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो, त्यामुळे भांडे स्थिर असूनही त्याचा एकही कोपरा सुटत नाही. ही गती साधायला दंतचक्रांची एक साखळीच लागते. मोटर वेगाने फिरते. पीठ मळायला मात्र संथपणा आणि जोर हवा. म्हणून मळसूत्री दांडा आणि त्यात गुंतलेले चाक यांच्याकरवी वेग उतरवून जोर चढवितात. येथे या वंशाच्या यंत्रांतील एक हिशेब पाहण्यासारखा आहे. मळसूत्र पोलादी, परंतु त्याच्यात गुंतणारे चाक मुद्दाम मऊ धातूचे. कणीक फार घट्ट झाली, किंवा चमचा बीटरमध्ये अडकला, तर काहीतरी तुटणारच. मग मोटर जळण्यापेक्षा एका चाकाचे दात जावेत, ते चाक काढून दुसरे बसवावे आणि यंत्र पुन्हा कामाला लागावे, असा हा विचार आहे. मोटर घोंघावते आहे, बीटर मात्र जागचा हलत नाही, असे दिसले की कारागिराला ते चाक आठवते. कित्येक मालक अशा वेळी ‘हलका माल घातला’ म्हणून कंपनीला दोष देतात. वास्तविक त्या हलक्या मालानेच त्यांची मोटर वाचविलेली असते.

दुसरी तक्रार तेलाची. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या यंत्रातून बीटरच्या दांड्यावरून तेलाचा थेंब भांड्यात उतरतो, आणि घरात एकच ओरड होते. दंतपेटीत भरलेल्या ग्रीसमधून तेल वेगळे होऊन खाली उतरते, एवढाच त्याचा अर्थ. झाकण उघडावे, जुने ग्रीस दातांच्या फटींतून काडीने खरवडून काढावे आणि अन्नाजवळ चालेल असे नवे ग्रीस भरावे. या कामाला कौशल्यापेक्षा चिकाटी आणि चिंध्या अधिक लागतात. एगमाँट एरेन्स याने १९३७ साली किचनएडला जो देखणा आकार दिला तो पुढे फारसा बदलला नाही. तेव्हाची जोड-अवजारे आजच्या यंत्रांनाही बसतात. १९८६ साली ही शाखा व्हर्लपूल कंपनीकडे गेली, तरी हा मेळ सांभाळला गेला. सुट्या भागांसाठी हिंडणाऱ्या माणसालाच या सातत्याची किंमत कळते.

स्वस्त आणि हलका मिक्सर सामान्य घरांत नेण्याचे श्रेय मात्र शिकागोच्या एका कंपनीला जाते. शिकागो फ्लेक्झिबल शाफ्ट हे तिचे नाव, आणि तिचा मूळ धंदा घोड्यांचे केस भादरण्याची व मेंढ्यांची लोकर कातरण्याची यंत्रे बनविण्याचा! तेथे आलेल्या आयव्हर जेप्सन या स्वीडिश तरुणाने ‘सनबीम मिक्समास्टर’ रचला आणि तो १९३० साली बाजारात आला. नेमकी मंदीची लाट उसळत असताना निघालेले हे यंत्र घरोघर गेले. पुढे १९४६ साली कंपनीने आपले नावच ‘सनबीम’ करून घेतले.

मिक्समास्टरची दुरुस्ती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, कारण त्याचा वेग राखण्याची पद्धत निराळी आहे. साध्या यंत्रात वेग कमी करायचा तर वीज कमी करतात. मग पीठ घट्ट झाले की मोटर दमते. मिक्समास्टरमध्ये मोटरीच्या मागच्या टोकाला एक वेगनियंत्रक बसविला आहे. मोटर ठरलेल्या वेगापुढे गेली की त्यातील वजने बाहेर फेकली जातात आणि विजेच्या वाटेवरील दोन टोके विलग होतात. वेग किंचित उतरला की ती पुन्हा जुळतात. ही उघडझाप सेकंदात अनेक वेळा चालते. त्यामुळे भार कमी असो वा अधिक, वेग जवळजवळ तोच राहतो आणि संथ गतीतही पूर्ण जोर मिळतो. मागची तबकडी फिरविणे म्हणजे ती टोके किती वेगाला विलग व्हावीत हे ठरविणे. पुढच्या मॉडेलांत त्या तबकडीवर १० वेग आणि प्रत्येकासमोर पदार्थांची नावे छापलेली असत, म्हणजे गृहिणीला आकडा नव्हे तर काम निवडायचे असे.

टोके उघडताना ठिणगी पडते. ती आवरण्यासाठी त्यांच्याशी एक कंडेन्सर जोडलेला असतो, आणि टोके उघडी असताना प्रवाह अगदीच तुटू नये म्हणून एक रोधकही असतो. आता रोग ओळखणे सोपे होते. तबकडी कोणत्याही अंकावर ठेवा, मिक्सर भरधावच फिरतो, तर टोके वितळून चिकटली आहेत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. मिक्सर कुंथतो, अडखळतो किंवा त्यात जोरच राहिलेला नाही, तर टोकांवर काजळी धरली आहे, ती नीट जुळत नाहीत आणि प्रवाह रोधकातूनच वाट काढतो आहे. टोके बारीक कानशीने घासावीत, कंडेन्सर मात्र तपासत न बसता नवा घालावा. कागद आणि मेणाचे ते जुने कंडेन्सर केव्हाच आपले आयुष्य जगून चुकलेले असतात.

याच यंत्राबाबत एक तक्रार वारंवार येते: भांडे फिरत नाही. नवखा माणूस लगेच मोटर उघडतो आणि भांडे फिरविणारे चाक शोधू लागतो. ते त्याला सापडत नाही, कारण असे चाक नाहीच! भांडे एका सैल तबकावर ठेवलेले असते. दोन बीटरपैकी एकाच्या तळाशी लहानशी गुंडी असते. ती भांड्याच्या तळाला हलकेच टेकते आणि त्या घर्षणाने भांडे आपोआप गिरकी घेऊ लागते. तेव्हा दोष चार ठिकाणीच असू शकतो. गुंडी झिजली असेल, बीटरांची अदलाबदल झाली असेल, तबकाखालचे तेल वाळले असेल किंवा यंत्राचे डोके जरा उंच राहिले असेल. डोके वर-खाली करण्यासाठी एक स्क्रू असतो आणि बहुतेक वेळा त्याला थोडी फिरकी देऊन काम भागते. दंतपेटी उघडण्याची वेळ आलीच तर आतली दोन चाके काढण्यापूर्वी त्यांवर खूण करून ठेवावी. एका बीटरची पाती दुसऱ्याच्या पात्यांच्या फटींतून जातील असा त्यांचा मेळ असतो. तो चुकला तर यंत्र सुरू करताच पाती एकमेकांवर आदळतात.

इंग्लंडमधील केनेथ वुड याचा ‘केनवुड शेफ’ १९५० साली आला आणि १९६० साली केनेथ ग्रेंज याने त्याचे रूप पालटले. त्याचा ठरलेला आजार एकच. बरीच वर्षे पडून राहिलेले यंत्र सुरू केले की काही मिनिटांत उग्र वास येतो आणि धूर निघतो. धूर दिसला की माणूस यंत्रावर पाणी सोडतो. वास्तविक मोटर ठणठणीत असते. जळतो तो वेगनियंत्रणाच्या जोडणीतील एखादा कंडेन्सर. त्याच यंत्राचे रबरी पाय काळाने विरघळून डांबरासारखे ओट्याला चिकटतात, ती कटकट वेगळी.

परदेशी मिक्सर भारतात आला तो बहुधा कोणाच्या तरी सामानातून. अमेरिकन यंत्र ११० ते १२० व्होल्टांचे, येथील वीज २३० व्होल्टांची. युनिव्हर्सल मोटरीला ५० आणि ६० आवर्तनांच्या फरकाचे सोयरसुतक नसते, परंतु दुप्पट दाब तिला सोसवत नाही. मध्ये दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर न घालता ते यंत्र भिंतीला लावले की ते काही क्षण अचाट वेगाने फिरते आणि कायमचे थांबते. शिवाय त्या यंत्रांना दोन पिनांचा प्लग आणि धातूचे अंग. ओल्या ओट्यावर ते धोक्याचे ठरते. तीन तारांची वायर घालून अर्थिंग अंगाला जोडून घेणेच शहाणपणाचे.

मात्र दाब योग्य असूनही ही यंत्रे येथे जळत. नारळ, सुकी मिरची, हळकुंड, भिजवलेली डाळ असे वाटण त्यांना सोसेना. युनिव्हर्सल मोटरीचा एक स्वभाव असा की भार वाढला की वेग घटतो आणि ती अधिक प्रवाह ओढते. प्रवाह वाढला की वेटोळी तापतात. त्याच वेळी दांड्यावरचा पंखाही मंदावलेला असतो, म्हणजे गारव्याची सर्वाधिक गरज असताना वारा सर्वांत कमी. वेटोळ्यांवरचे व्हार्निश जळते, तो ओळखीचा वास सुटतो आणि खेळ संपतो. मलई घुसळणाऱ्या यंत्राला येथे वरवंट्याचे काम सांगितले जात होते.

मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी हेच घडले. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला आणि त्याची दुरुस्ती येथे होण्याजोगी नव्हती. माथुरांनी जळलेल्या मोटरीच्या जागी तशीच दुसरी बसवून वेळ भागविली नाही. भारतीय वाटणाचा भार सोसेल अशा मोटरीचे यंत्र त्यांनी नव्याने घडविले. १९६३ साली त्यांनी कंपनी काढली आणि ‘सुमीत’ हे नाव पुढे घरोघर मिक्सरचे दुसरे नाव होऊन बसले. दुरुस्तीच्या इतिहासात या घटनेचे स्थान मोठे आहे. एका अचूक निदानातून येथे एक सबंध उद्योग निघाला. विजेच्या रवीचा विजेचा पाटा झाला तो असा.

या नव्या यंत्रालाही आपले तुटावयाचे भाग ठरवून द्यावे लागले. जार आणि मोटर यांना जोडणारा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा कपलर हा ओहायोच्या त्या मऊ चाकाचाच भाऊबंद. पाते अडकले की प्रथम कपलरचे दात जातात. बुडाशी असलेले लहानसे बटण म्हणजे दुसरा पहारेकरी. मोटर फार तापली की ते वीज तोडते. यंत्र थंड झाल्यावर ते दाबले की काम पुन्हा सुरू होते. हे बटण ठाऊक नसल्यामुळे किती मिक्सर विनाकारण दुकानांत जातात हे कारागीरच जाणतात. जारच्या बुडाचे वॉशर झिजले की वाटणाचे पाणी खाली बुशमध्ये उतरते, तेथून मोटरीत जाते आणि कॉम्युटेटर गंजतो. काही रुपयांच्या वॉशरकडे दुर्लक्ष झाले की शेवटी सारा भुर्दंड वायंडिंगवर येतो.

जळलेले आर्मेचर पुन्हा गुंडाळून देणारी दुकाने भारतीय शहरांत कितीतरी आहेत. अमेरिकेत हे काम मजुरीच्या दरामुळे यंत्राच्या किमतीपलीकडे जाते, म्हणून तेथील शौकीन एका जुन्या मिक्सरसाठी दुसऱ्या जुन्या मिक्सरचा बळी देतात. येथे कारागीर जुनी तार उलगडतो, प्रत्येक खाचेतील वेढे मोजून वहीत लिहितो, तितक्याच जाडीची तार तितक्याच वेढ्यांनी घालतो, टोकांना कॉम्युटेटरवर डाग देतो, व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवितो आणि सिरीजच्या दिव्यावर लावून पाहतो. दिवा मंद पेटला की तो जारसाठी हात पुढे करतो.